बेंजोमागची शिट्टी

८ सप्टेंबर

विसर्जन आटोपलं, ढोल-ताशे गेले, तुंगार्लीची आमची गल्ली पुन्हा माणसात आली. आज कामाला लागलो.

शब्द दिला आहे तो इथे लिहून ठेवतो, म्हणजे पळवाट राहणार नाही. तीन गाण्यांची बेंजोची साथ घरी रेकॉर्ड करून तीस तारखेच्या आत पायलला द्यायची. पायल माझ्या धाकट्या भावाची मुलगी. सुदुंबऱ्यात राहते, कंपनीत क्वालिटीला आहे. तिनं गावातल्या मुलींची गायन पार्टी उभी केली आहे. चौदा ऑक्टोबरला, धम्मचक्र प्रवर्तन दिनी, त्या एका दिवसात चार गावांत गाणार. गाणी आमच्या जुन्या पार्टीची, चाली माझ्या. मुलींचा सराव रोज संध्याकाळी तिकडे आणि मी इकडे लोणावळ्यात, चार गावं फिरत वाजवणंही आता झेपत नाही, म्हणून रेकॉर्डिंग.

मुदत चुकली तर तळेगावचा एक कीबोर्डवाला तयार ट्रॅक देणार आहे. त्याचा नमुना ऐकला. माझ्या चालीला त्याने वरातीचे कपडे घातलेत. ज्या चालीवर आमचे लोक ताठ मानेनं उभे राहिले, तिच्यावर आता लोकांनी नाचायचं? माझ्या हयातीत नाही.

बेंजो वाजवणारे आता राहिले नाहीत. हातभर लांबीची लाकडी पेटी, वर तारा, डाव्या हाताला टाइपरायटरसारखी बटणं, उजव्या हातात तार छेडायची नखी. लोक त्याला खेळणं समजतात. समजू देत.

माइक आला आहे, लॅपटॉपला जोडायचा. कसं जोडायचं ते पायलनं फोनवरून शिकवलं. लाल दिवा लागला आणि माझ्या तोंडातून आपसूक निघालं, "बंधू-भगिनींनो, जयभीम!" आयुष्यभर माइक दिसला की हेच. बायको, रेणुका, शिवणयंत्रावरून न उठता म्हणाली, "आता अध्यक्षांची परवानगी पण घ्या."

ते पुसलं. पुन्हा सुरू केलं.

११ सप्टेंबर

तीन दिवस वाजवतोय, मनासारखं येत नाही. तारा मुक्या वाटतात, धार नाही. नव्या तारा चढवल्या. त्याही तशाच. हल्लीचा माल. लॅपटॉपवर आवाजाचा उंच भाग वाढवायची एक पट्टी असते, ती वरपर्यंत सरकवली तेव्हा कुठे तार तारेसारखी वाजली.

लय सुटू नये म्हणून हेडफोनमध्ये एक टिकटिक लावायची असते. ती इतकी हळू की पूर्ण वाढवावी लागली. ज्यानं हे बनवलं तो कुजबुजणाऱ्या घरात वाढला असावा. मी तीस वर्षं प्रेस शॉपमध्ये काढली. पत्र्यावर प्रेस आदळत असताना पलीकडच्या मशीनवरच्या माणसाला दुपारच्या गेटसभेचा निरोप द्यायचा, तोही साहेबाच्या देखत. माझा आवाज त्या शॉपनं घडवला. पुढे कुठल्याच मैदानात मला कर्ण्याची गरज पडली नाही.

रेणुकाशी वाद झाला. नवरात्राचे ब्लाउज शिवायचे आहेत, आणि मी रेकॉर्डिंग लावलं की तिला यंत्र बंद करावं लागतं. "तुमची क्रांती सुरू झाली की माझा धंदा बंद," म्हणाली. मी म्हटलं, दुपारी दोन ते चार एवढंच. तिनं पाय यंत्रावरून काढला.

१३ सप्टेंबर

शत्रू सापडला.

पायल म्हणाली होती, वाजवण्याआधी रिकाम्या खोलीचं एक मिनिट रेकॉर्ड करा, म्हणजे घरातले बारीक आवाज कळतात. पंखा बंद, यंत्र बंद, खिडक्या बंद. मी डोळे मिटून बसलो. इतकी शांतता मी कधी मुद्दाम ऐकली नव्हती. आणि त्या शांततेत एक शिट्टी. बारीक, सतत, सुईसारखी. रेकॉर्डिंग परत लावलं, तर त्यातही तीच.

फ्रिजचा प्लग काढला. शिट्टी आहे. इन्व्हर्टर, टीव्ही, देव्हाऱ्यासारखा उजळणारा तो रेणुकाच्या मोबाईलचा चार्जर, सगळं काढलं. शेवटी मेन स्विच पाडला. शिट्टी आहेच.

रेणुकाला विचारलं. तिनं कान देऊन ऐकलं, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "मला नाही येत बाई."

म्हणजे आवाज बाहेरून येतो.

१४ सप्टेंबर

बाहेरून म्हणजे कुठून, हे शोधायला फार अक्कल लागली नाही. कुंपणापलीकडे बंगला आहे, शनिवार-रविवारी भाड्यानं जातो. त्यात पोहण्याचा तलाव, तलावाला पंप, आणि पंप रात्रंदिवस. पाहुण्यांना निळं पाणी हवं म्हणून आमच्या कानांत शिट्टी.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. यंदा सकाळी दयाळ पक्षी ऐकू येत नाहीत. पूर्वी पहाटे तारेवर बसून काय गायचे! बंगल्यांसाठी झाडं गेली, पक्षी गेले. रेणुका म्हणाली, तो काय समोर बसलाय. बसला असेल. गात नाही ना!

१६ सप्टेंबर

पहिलं गाणं पाठवलं होतं, पायलचा फोन आला. लाडकी पुतणी असली तरी तिची टीका नोंदवून ठेवतो. एक, मागे टिकटिक ऐकू येते. दोन, बटणांची खटखट तारेपेक्षा मोठी येते. तीन, बेंजो कर्कश आहे, मुलींनी कानांवर हात ठेवले.

मी सांगितलं, टिकटिक फक्त माझ्या हेडफोनमध्ये आहे, ती माइकमध्ये जाईलच कशी? खटखट मला एकदाही ऐकू आलेली नाही. आणि कर्कश म्हणशील तर तुमच्या पिढीचे कान गुळगुळीत गाण्यांनी मऊ झालेत. बेंजोला धार असते. आमची गाणी झोपवायला लिहिलेली नव्हती.

ती म्हणाली, "काका, तुम्ही एकदा दुसऱ्या कुणाला ऐकवा ना."

अंगात थोडी कसकस आहे. थर्मामीटर लावला तर पीप वाजलंच नाही. बॅटरी गेली वाटतं.

१८ सप्टेंबर

बंगल्यावर जाऊन आलो. गेणू तिथला राखणदार, तिकोणा पेठेच्या वरच्या वाडीतला. माणूस भला, पण चाकर मालकाचा. पंप बंद कर म्हटलं, तर म्हणतो, "पंप तर परवापासनं बंद हाय भाऊ. जळाला. ह्ये बघा, पानी हिरवं पडलंय."

पाणी हिरवं होतं खरं. पण शिट्टी तिथेही येत होती, अगदी तलावाच्या काठावर. मी त्याला म्हणालो, मग दुसरं काहीतरी चालू आहे, नीट बघ. तो बिचारा माझ्याबरोबर सगळ्या बंगल्यातून फिरला. शेवटी म्हणाला, "भाऊ, मला न्हाई काय येत ऐकू. तुमी म्हनताय तर आसंल."

मालकानं शिकवलेलं दिसतंय. रविवारी गल्लीची सभा घेतो.

२१ सप्टेंबर

सभा झाली. आमच्या ओट्यावरच. सात-आठ घरचे लोक आले, रेल्वेतले निवृत्त गार्ड अमृतराव धरून.

मी चांगला बोललो. शांतता ही बंगलेवाल्यांची जहागीर नाही, हवापाण्यासारखा तो सगळ्यांचा हक्क आहे, विकत घेऊन दुसऱ्याला नाकारण्याची ती वस्तू नव्हे. टाळ्या पडल्या. मग पुरावा म्हणून रिकाम्या खोलीचं ते एक मिनिट मोठ्या स्पीकरवर लावलं आणि म्हणालो, ऐका.

सगळे माना खाली घालून उभे राहिले, श्रद्धांजलीला राहतात तसे. मला शिट्टी स्पष्ट येत होती. मिनिट होत आलं तेव्हा अमृतराव हळूच म्हणाले, "राजाभाऊ, चालू केलंत का?"

दोघं-तिघं हसले. समोरची बबिता म्हणाली, हो, काहीतरी बारीक येतंय. तिच्या सासूनं तिला कोपरानं ढोसलं, "अगं तो पंखा."

तक्रारीवर सगळ्यांनी सह्या केल्या. पण ऐकू कुणालाच आलं नाही. अन्यायाची सवय झाली की तो जाणवेनासा होतो, हे पुस्तकात अनेकदा वाचलं होतं, आज माझ्याच ओट्यावर पाहिलं.

रेणुका दारात उभी होती. सगळे स्पीकरकडे बघत होते, ती माझ्याकडे. आत गेल्यावर तिनं माझ्या हातात चहा दिला आणि म्हणाली, तक्रार दोन दिवस थांबवा. कारण विचारलं तर म्हणाली, गेणूची नोकरी जाईल. हे मात्र मला पटलं.

२२ सप्टेंबर

घट बसले, मंडळाचे कर्णे सुरू झाले. घरी रेकॉर्डिंग अशक्य. तीस तारीख जवळ येते आहे आणि माझ्याकडे एकही गाणं धड नाही.

गेणू कुंपणापाशी आला होता. सभेचं त्याच्या कानावर गेलंय, पण राग नाही. म्हणाला, "भाऊ, येक काम करा. आमच्या वाडीला चला. मी परवा निघालोय. तितं ना पंप, ना डीपी, ना मंडाळ. बेंजो घिऊन बसा शेतात."

जातो. निदान एकदा शुद्ध शांतता रेकॉर्ड करून आणतो, म्हणजे अमृतरावांना फरक दाखवता येईल.

२४ सप्टेंबर

गेणूच्या मोटरसायकलवर मागे बसून गेलो, पेटी पाठीला, लॅपटॉप पोटाशी. त्याच्या आईनं, सावित्राबाईंनी, चहा दिला आणि बेंजो उघडून दाखवायला लावला. मग आम्ही दोघं भाताच्या बांधानं पार कडेला गेलो. खाली पवनेचं पाणी, वर किल्ला, मध्ये पोटरीला आलेला भात. वारा नव्हता.

एक मिनिट रेकॉर्ड केलं. हेडफोन लावून ऐकलं. शिट्टी.

माइकच खराब आहे, असं म्हणालो. हेडफोन काढला. शिट्टी. लॅपटॉप बंद केला, वायर उपटली. शिट्टी. मी उठलो आणि आजूबाजूला बघायला लागलो. विजेचा खांब, टॉवर, पाण्याची मोटर, काहीतरी असेलच. बांधावर पुढे गेलो, मागे आलो.

गेणू म्हणाला, "भाऊ, कुनाला हुडकताय? हितं आपन दोगंच हाय."

मी दोन्ही कानांत बोटं घातली. गेणूचे ओठ हलत राहिले, त्याचा आवाज गेला. सगळं गेलं. शिट्टी तेवढी राहिली, आधीपेक्षा मोठी.

किती वेळ तसा उभा होतो माहीत नाही. गेणूनं माझा हात धरून कानातून बोट काढलं आणि म्हणाला, "चला. आयनं भाकरी टाकलीया."

बेंजो वाजवला नाही. तसाच बांधून आणला.

२५ सप्टेंबर

तक्रारीचा कागद फाडला. दुसरं काही केलं नाही.

२७ सप्टेंबर

तळेगावला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. एका गादीच्या भिंतींच्या खोलीत बसवतात, कानांवर हेडफोन, हातात बटण. सूर आला की दाबायचं. मी बराच वेळ बटण धरून बसलो होतो, त्या कधी सुरू करतात याची वाट बघत. नंतर कळलं, त्या काचेपलीकडून एकामागून एक सूर देत होत्या.

मग कागदावरची रेघ दाखवली. डावीकडून बरी सपाट येते आणि खंडाळ्यावरून खोपोलीत घाट उतरावा तशी कोसळते. उंच आवाज मला जवळजवळ नाहीत. त्यांनी विचारलं, काम कुठे होतं? मी प्रेस शॉप म्हणालो आणि त्यांनी पुढचं विचारलंच नाही. गेलेलं परत येत नाही. शिट्टी कमी-जास्त होत राहील. कानाला यंत्र लावल्यावर बोलणं चांगलं कळेल, पण ते बनून यायला महिना जाईल. मोठ्या आवाजापासून लांब राहायचं.

ज्या शॉपनं मला आवाज दिला त्यानं त्याची किंमत अशी वसूल केली, आणि ती घेतलेली मला कळलीसुद्धा नाही. मी, जो दुसऱ्यांना सांगत फिरलो की आपल्याकडून काय काढून घेतलं जातंय ते बघा.

बसमध्ये रेणुकाला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, थर्मामीटर, कुकर, दाराची बेल, गेली काही वर्षं बघतेय.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही सभा घेतली असतीत."

"घेतलीच की," मी म्हणालो.

ती हसायला लागली, मग मीही. मग तिनं खिडकीकडे तोंड केलं, आणि मला दिसलं की ती हसत नव्हती.

घरी येऊन पायलला फोन केला, सगळं सांगितलं. तिचं बोलणं मी आता फोन चेपून ऐकतो. ती म्हणाली, "काका, मग कीबोर्डवाल्याला हो म्हणू का? तुमच्यावर ताण नको."

किती मायेनं म्हणाली! हीच माया माणसाला कोपऱ्यात बसवते. मी म्हटलं, तीस तारीख अजून आलेली नाही.

२८ सप्टेंबर

हात शाबूत आहेत. चाली डोक्यात आहेत. उरले कान. ते घरात आहेत, फक्त दुसऱ्याच्या डोक्याला.

रेणुकाला म्हणालो, मी वाजवतो, तू हेडफोन लाव आणि चूक सांग. ती म्हणाली, मला गाण्यातलं काय कळतं? मी म्हणालो, तुला ऐकू येतं. मंडळाचे कर्णे पहाटे नसतात, म्हणून उजाडायच्या सुमारास बसलो. ती हातानं तुरपाई करत बसली, सुईचा आवाज होत नाही.

लॅपटॉपवरच्या सगळ्या पट्ट्या होत्या तिथे खाली आणल्या. टिकटिक बंद केली. त्याऐवजी पडद्यावर ठेक्याला उघडमीट होणारा एक ठिपका असतो, तो बघून वाजवलं. झाल्यावर तिच्याकडे बघितलं. तिनं हेडफोन काढला. "खटखट येते."

मी वाद घातला. खटखट इतकी असणं शक्य नाही, बटणं नवी बसवली आहेत, वगैरे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मला ऐकायला बसवलंय की हो म्हणायला?"

तिनं लोकरीच्या कापडाचे बारीक तुकडे कापून दिले, मी एकेका बटणाखाली चिकटवले. पुन्हा वाजवलं. खटखट गेली, म्हणाली. मला काहीच फरक कळला नाही. जे मला आधी नव्हतं ते आता तिलाही नाही, एवढ्यावर विश्वास ठेवून पुढे जायचं. सोपं नाही हे. मी आयुष्यात फार कमी गोष्टी कुणाच्या सांगण्यावर मानल्या.

२९ सप्टेंबर

पहिली दोन गाणी झाली. पण झाली कशी, ते लिहायला हवं.

दुसरं गाणं पहाटेपासून वाजवत होतो. चूक एकही नाही, तरी ती मान हलवायची. शेवटी मी चिडलो, नक्की काय खुपतंय ते सांग. तिनं सुई कापडात टोचून ठेवली.

"तुम्ही भाषण करताय," ती म्हणाली. "कुणाला तरी पटवून द्यायचं असल्यासारखं वाजवताय. मुलींनी गायचं कुठे? त्यांना जागाच नाही."

मला राग आला, तो पचवायला अंगणात दोन फेऱ्या माराव्या लागल्या. पार्टीत मी असाच वाजवायचो. समोर कर्णे, बाजूला ढोलकी, मैदानभर माणसं, जोर लावल्याशिवाय पोचायचंच नाही. आणि शॉपमध्ये तर काय, ओरडल्याशिवाय माणूस नव्हताच. पण हा माइक वीतभर अंतरावर आहे. आणि मी साथ द्यायला बसलोय.

परत आत आलो. नखी हलकी धरली. मुलींचा शब्द जिथे येणार तिथे तारेवरून हात उचलला, मनात त्यांना गाऊ दिलं, मग उत्तर दिलं. इतकं हळू वाजवलं की बराच भाग मला नुसता बोटांना कळला.

रेणुकानं हेडफोन लगेच काढला नाही. मैदानात हजार चेहरे वाचलेत मी. हा एक वाचता येईना. मग म्हणाली, "हे ठेवा."

३० सप्टेंबर

तिसरं गाणं. त्याचं शेवटचं कडवं पार वरच्या बटणांवर आहे, माझ्या रेघेच्या खोपोलीत. तिथे मला तार जवळजवळ नसतेच. डोळ्यांनी बटणं बघत, आठवणीवर वाजवलं. ती म्हणायची, पुन्हा. एकदा म्हणाली, शेवटचा सूर घसरला. एकदा म्हणाली, घाई झाली. ऊन ओट्यावर आलं, मंडळाचा कर्णा कधीही सुरू होणार होता.

"आता झालं," ती म्हणाली.

"नक्की?"

"विचारून झालंय, आता पाठवा."

पाठवलं. कर्णा सुरू झाला. तिनं यंत्राचं झाकण काढलं आणि राहिलेले ब्लाउज शिवायला बसली. मी तिच्या समोर बसून हूक लावत राहिलो. हे काम मला जमत नाही. तिनं दोन उसवायला लावले.

१४ ऑक्टोबर

सुदुंबरे. विहारासमोर मांडव, माणसं रस्त्यापर्यंत. पायलनं स्पीकर माझ्यापासून लांब लावायला सांगितलं होतं, मला न विचारता.

आधी मी बोललो. तयार केलेलं भाषण बाजूला ठेवलं. विचारलं, इथे प्रेस शॉपमध्ये, फोर्जिंगला, जिथे ओरडून बोलावं लागतं अशा ठिकाणी कोण कोण कामाला आहे, हात वर करा. बरेच हात वर आले, पोरं सगळी पंचवीस-तिशीतली. कानांत काय घालता विचारलं तर हसले. मी माझी रेघ त्यांना सांगितली, शिट्टी सांगितली, गल्लीतली सभाही सांगितली. सभेला हसले, मग हसणं थांबलं. म्हणालो, सोमवारी पहिल्या पाळीला मी तुमच्या कंपनीच्या गेटवर उभा असेन. कानाची तपासणी आणि कानांवरची टोपणं, दोन्ही मागायला. ज्याला यायचं त्यानं यावं. कोणी नाही आलं तरी मी असेन.

मग मुली उभ्या राहिल्या. पहिलं गाणं, दुसरं गाणं. मुलींचा आवाज मला येत होता, ढोलकी येत होती, बेंजो मधूनमधून. लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला, कुणी नाचलं नाही. बसलेली म्हातारी माणसं ओळखीनं माना डोलवत होती. तिसऱ्या गाण्याचं शेवटचं कडवं आलं, आणि मांडवाच्या गोंगाटात माझा बेंजो माझ्यापुरता पूर्ण बुडाला. पायलनं शब्द संपवला, थांबली, आणि त्या थांबण्यात मला शिट्टीशिवाय काहीच नव्हतं. फाइल अडकली असेल, वायर निघाली असेल. मी उठायलाच लागलो होतो.

रेणुकानं माझा सदरा खाली ओढला, कानाशी वाकली आणि म्हणाली, "वाजतंय."